‘सवय झाली’ म्हणजे कान गेले

मिरवणुकांचा मोसम सरला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांतला मजकूर तोच असतो, फक्त अक्षर बदलतं. कानात आवाज येतो, कोणते ड्रॉप्स घालू? कान बंद झालाय, किती दिवस वाट पाहू? त्यातल्या काहींना इथे एकदमच उत्तरं देते. कान तपासल्याशिवाय निदान होत नाही, हे मात्र गृहीत धरा.

दिवसा त्रास नाही, पण रात्री अंथरुणाला पाठ टेकली की दोन्ही कानांत रातकिडे ओरडतात. दोन वर्षं झाली. मेंदूत गाठ तर नसेल? हे कधी जाईल का? (निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

बाई, दोन्ही कानांत हळूहळू सुरू झालेला, एकसारखा आवाज बहुतेक वेळा ऐकू येणं कमी झाल्याची खूण असतो, गाठीची नव्हे. आतल्या कानाकडून काही सूर पोचेनासे झाले की मेंदू ते ऐकण्यासाठी जास्त ताण देतो आणि त्या खटाटोपात नसलेला आवाज ऐकू लागतो. रात्री तो वाढत नाही. घर शांत होतं, म्हणून जाणवतो. तेव्हा अगदी सामसूम करून झोपू नका. पंखा चालू ठेवा, नाहीतर रेडिओ हळू लावा. कानातला आवाज पार बुडेल इतका मोठा मात्र नको.

हा आवाज कायमचा पुसून टाकणारी गोळी आज नाही. त्याचा जाच कमी करता येतो. ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, करून घ्या. ऐकू कमी येत असेल तर कानाच्या मशीननं बऱ्याच जणांचा कर्णनादही (कानात वाजणारा हा आवाज) सुसह्य होतो. आवाजाच्या धास्तीनं झोप उडाली असेल, तर मानसोपचारातल्या सीबीटी या पद्धतीचा चांगला उपयोग होतो. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल किंवा सोबत चक्कर असेल, तर मात्र ‘बघू पुढच्या महिन्यात’ म्हणू नका.

लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडलं तर आवाज थांबतो म्हणतात. (मंगळवार पेठ)

नाही. आणि पडदा फुटलेला असेल तर नसतं दुखणं मागे लागेल.

माझा टॉवेलचा कारखाना आहे. कामगारांना कानात घालायचे प्लग आणून दिले, पण ‘मालक, आम्हाला सवय झालीय’ म्हणून घालत नाहीत. इतक्या वर्षांत कुणी तक्रारही केली नाही. सक्ती करावी का? (अक्कलकोट रोड एमआयडीसी)

करावी. प्लग आणून दिलेत हेच पुष्कळांपेक्षा जास्त आहे, पण त्या ‘सवय झालीय’वर विश्वास ठेवू नका. आवाजाची सवय कानाला होत नाही. आधी जो आवाज टोचायचा तो आता टोचत नाही, कारण तो टिपणाऱ्या पेशी मेल्या. आतल्या कानात अशा पेशी साधारण 15 हजार असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ताण्याचा धागा तुटला तर तुमचा कामगार गाठ मारून लूम पुढे चालू करतो. कानात गाठ मारायला कुणी नाही.

तक्रार का येत नाही, तेही ऐका. आवाजाचा पहिला घाव 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे उंच सुरांवर, बसतो. ऑडिओग्रामवर, म्हणजे ऑडिओमेट्रीच्या आलेखावर, तिथे खड्डा दिसतो आणि बाकीची रेघ बरी असते. माणसाला ऐकू येतं, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात आणि वाक्य कळत नाही. लूमवर तसंही सगळे खुणांनी किंवा ओरडून बोलतात, त्यामुळे तिथे काही कळत नाही. कळतं घरी. टीव्ही मोठा होतो, बायको म्हणते ‘माझंच तेवढं ऐकू येत नाही’ आणि भांडण होतं. अशी जोडपी माझ्यासमोर रोज बसतात. नवरा कानात शिट्टी वाजते म्हणून आलेला असतो. ऐकू कमी येतं हे तो कबूलच करत नाही.

आता हिशेब. 85 डेसिबलमध्ये 8 तास, ही कामाच्या जागेची सावध मर्यादा. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो: 88 ला 4 तास, 91 ला 2, 100 ला जेमतेम 15 मिनिटं. धोट्याच्या लूमच्या शेडमध्ये आवाज 90 च्या वर सहज असतो, मग पाळी आठ तासांची असो की बाराची. मोजायला यंत्र नसेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतंय का, एवढं बघा. लागत असेल तर जागा धोक्याची. 1948 च्या कारखाना कायद्यानं आवाजामुळे येणारा बहिरेपणा व्यवसायजन्य आजारांच्या यादीत घातला होता, म्हणजे हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. तुमची शेड कोणत्या कायद्यात बसते हा वाद वकिलाशी घाला, कान त्यासाठी थांबत नाही.

आणि प्लग नुसते वाटून भागत नाही. फोमचा प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सारायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. बाहेर लोंबणारा प्लग म्हणजे दागिना. कापसाचा बोळा तर त्याहून निकामी. ढिले नट आवळा, लूमखाली रबरी पॅड घाला, आणि प्रत्येक कामगाराची कामावर घेताना व नंतर वर्षाला एकदा ऑडिओमेट्री करा. ज्यांना आधीच कमी ऐकू येतं त्यांना कोणता प्लग चालेल, हे ऑडिओलॉजिस्टला (श्रवणतज्ज्ञाला) विचारून ठरवा. तुमचीही तपासणी करून घ्या. केबिन शेडमध्येच असेल ना?

विसर्जनाच्या मिरवणुकीत मुलगा (वय 19) डॉल्बीपुढे होता. तेव्हापासून डावा कान बंद आणि आत शिट्टी. चार दिवस झाले. मेडिकलवाल्यानं मळ असेल म्हणून ड्रॉप्स दिलेत. किती दिवस घालू? (बाळे)

ड्रॉप्स ठेवून द्या आणि आजच कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा, जवळ कुणी नसेल तर सिव्हिल. एकाएकी ऐकू न येणं ही तातडीची बाब आहे. यात स्टेरॉइड द्यायचं ठरलं, तर त्याचा उपयोग पहिल्या काही दिवसांत जास्त. दोन आठवडे उलटले की हाती फारसं लागत नाही. ते मनानं घ्यायचं औषध नव्हे, मधुमेह्यांची साखर त्यानं भडकते. मिरवणुकीनंतरचा बधिरपणा पुष्कळदा एक-दोन दिवसांत उतरतो, पण उतरला म्हणजे इजा झाली नाही असंही नाही. वस्तीत रात्री 10 नंतर कायद्याची मर्यादा 45 डेसिबल आहे. डॉल्बीच्या भिंतीपुढे 100 कधीच मागे पडलेले असतात, हे मंडळांना ठाऊक नाही असं कुणी मला सांगू नये.

‘21 दिवसांत कर्णनाद मुळापासून’ अशी कॅप्सूल मोबाइलवर दिसते. कानाचं मशीनही अडीच हजारांत घरपोच. घेऊ का?

कॅप्सूल नको. गिंको, झिंक, जीवनसत्त्वं असं काहीबाही त्यात असतं. कर्णनादासाठी ते घेऊ नये, असंच तज्ज्ञांची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. ‘मूळ’ कुठे आहे हे न बघता मुळापासून काढणारे धन्य. घरपोच मशीन बहुधा सगळेच आवाज सारखे वाढवतं, हवे तेही आणि नको तेही. त्यानं उरलेला कान बिघडू शकतो. आधी ऑडिओग्राम, मग त्यानुसार बसवलेलं मशीन. परवडत नसेल तर सरकारी योजनेतून मिळू शकतं, सिव्हिलमध्ये चौकशी करा.

हृदयासाठी ॲस्पिरिन चालू आहे. त्यानं कान वाजतात का? बंद करू?

बंद करू नका. हृदयासाठीच्या छोट्या डोसनं सहसा असं होत नाही. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा.

कान वाजायला लागल्यापासून मी घरातही दिवसभर प्लग घालून बसतो. बरोबर ना?

चूक. बाहेरचा आवाज तोडला की आतला मोठा वाटतो, आणि पुढे भांड्याचा आवाजही सहन होईनासा होतो. प्लग गोंगाटात घाला, घरी काढा. भीती जात नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडे या.

जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला सहा महिन्यांच्या नातीला नेऊ का? (आजोबा, दमाणी नगर)

होम मैदानावरचं दारूकाम तिला लांबच्या गच्चीवरून दाखवा. न्यायचीच झाली तर लहान मुलांचे इयरमफ लावा, कानात बोळे कोंबू नका आणि कर्ण्याजवळ थांबू नका. बाकी, जन्मल्यावर तिच्या कानांची तपासणी झाली होती का? झाली नसेल तर यात्रेची वाट न पाहता या आठवड्यात ती करून घ्या.