रायफलीवर दुर्बीण: किती पॉवरची?

प्रश्न: वडिलांची .315 रायफल रीतसर माझ्या नावावर झाली आहे. सिंदेवाही तालुक्यात धान आहे, रानडुकरं बांध्या उलथवतात. वनखात्याची लेखी परवानगी मिळाली. 9 पॉवरची (9 पट मोठं दाखवणारी) दुर्बीण बसवू का?

उत्तर: नको भाऊ. धुऱ्यावरून डुक्कर चाळीस-पन्नास पावलांवर दिसतं. 9 पॉवरमध्ये समोरचा थोडाच भाग दिसतो, म्हणून ते शोधण्यातच वेळ जातो, आणि त्याच्या मागं जागलीवरचा माणूस आहे का हेही दिसत नाही. मला याचीच जास्त काळजी वाटते. 4 पॉवर, पुढची काच 32 मिमी व्यासाची, अशी घ्या. 32 भागिले 4, म्हणजे 8 मिमी रुंद उजेडाचा झोत डोळ्यापर्यंत येतो. अंधारात बाहुली उघडतेच साधारण 7 मिमी. 40 मिमीची काच 9 पॉवरवर जेमतेम साडेचार देते, सांजवेळी तिथंच अडतं.

दुकानात गाल दस्त्यावर टेकवून पाहा. डोळा मागच्या काचेपासून किमान साडेतीन इंच लांब असताना पूर्ण गोल दिसला पाहिजे. कमी अंतर असेल, तर धक्क्यानं कडा भुवईत घुसते आणि भुवई फाटते. छर्र्याच्या बंदुकीची (एअरगनची) स्वस्त दुर्बीण रायफलीवर लावू नका. माउंट (दुर्बीण रायफलीवर धरून ठेवणारी पकड) मात्र परवानाधारक कारागिराकडूनच बसवा. नंतर अधिकृत रेंजवर कागदावर नेम जुळवा, मगच शेतात न्या.