कमान दिलेला पाटा शॅकलपर्यंत पोहोचत नाही तेव्हा

तुम्ही लिहिलंय की गाडीचे पुढचे पाटे (लीफ स्प्रिंग) नवी कमान देऊन आणले, स्थिर टोकाची पिन बसली, पण शॅकलकडचा (पाट्याचं दुसरं टोक चासीला जोडणारी झुलती कडी) डोळा, म्हणजे पाट्याच्या टोकाचं गोल भोक, दीड इंच अलीकडेच राहतोय आणि आता चेन ब्लॉकने ओढायचा विचार आहे. कृपा करून ओढू नका. पाटा बहुतेक बरोबर आहे. कमान वाढली की दोन डोळ्यांमधलं सरळ अंतर घटतं. मेन पाटा (डोळे असलेली सगळ्यात लांब पट्टी) कमानीच्या अंगाने ९०० मिमी धरा. कमानीची उंची १५० मिमी असताना सरळ अंतर साधारण ८३० मिमी भरतं, १०० मिमी असताना ८७०. तुमचा दीड इंच इथेच गेलाय. तरी दोन्ही बाजूंचे मेन पाटे टेप अंगालगत धरून मोजा, सारखे हवेत.

आता गाडीच्या वजनाकडूनच काम करून घ्या. चासी (गाडीचा सांगाडा) स्टँडवर, पाटा अॅक्सलला (चाकांच्या आसाला) बांधणारे यू-बोल्ट हाताने लावलेले, पाट्याच्या पट्ट्या मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टचं डोकं अॅक्सलच्या खाचेत नीट बसलेलं. मग पाट्याच्या बैठकीखाली जॅक लावून अॅक्सल सावकाश उचला. पाटा सपाट होत जाईल तसा डोळा शॅकलकडे सरकेल. त्याआधीच चासी स्टँडवरून उचलली जाऊ लागली तर तिथेच थांबा. इंजिन आणि रेडिएटर उतरवलेले असतील तर असंच होणार. ते आधी बसवा, पाटे नंतर. डोळा आणि शॅकल जुळलेत का हे पाहायला बोट कधीही घालू नका, ड्रिफ्ट (लोखंडी दांडा) घाला.

शॅकल लागला म्हणून लगेच नट आवळू नका, सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. डोळ्यातले बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) रबरी असतील तर आवळल्यावर रबर पिनला आणि डोळ्याला धरून ठेवतं, हालचाल फक्त त्याच्या पिळण्यातून होते. चाकं लोंबकळत असताना आवळलं तर गाडी खाली आल्यावर रबर कायम पिळलेलं राहतं. माझ्या एका गाडीचे बुश असेच काही महिन्यांत फाटले आणि तोवर नाक उंच दिसत होतं. मी दोष पाट्यांना देत बसलो होतो. गाडी चाकांवर उभी करा, पुढून दोनचार वेळा दाबून सोडा, मग आवळा. पितळी बुश असतील तर हा प्रश्न नाही. तिथे ग्रीस पोहोचतंय ना आणि शॅकल हाताने मोकळा हलतोय ना, एवढं बघा.

पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये पाचर होती का? असेल तर जाडी कुठल्या बाजूला होती ते जुन्या फोटोत शोधा. किंगपिनचं (पुढचं चाक ज्या उभ्या पिनेवर वळतं ती) वरचं टोक किंचित मागे झुकलेलं हवं. पाचर उलटी बसली तर स्टिअरिंग वळणानंतर आपोआप सरळ येत नाही आणि गाडी रस्त्यावर भटकते.

यू-बोल्ट नवेच घ्या, तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, कारण पाटे एकमेकांवर बसले की ते ढिले पडतात. पूर्ण वजन आल्यावरही डोळा पोहोचला नाही, तर अंगालगतची दोन्ही मापं आणि शॅकलची लांबी कळवा.