खाऱ्या वाऱ्यातला फ्रिज आणि वाढीव वॉरंटी

प्रश्न : आम्ही वेंगुर्ल्यात समुद्राजवळ राहतो. नव्या फ्रिजवर दुकानदार ३,५०० रुपयांत ३ वर्षांची वाढीव वॉरंटी देऊ करीत आहेत. ती घ्यावी का?

उत्तर : पैसे देण्यापूर्वी करारातील अपवाद वाचावेत, कारण किनाऱ्यावर फ्रिज बिघडतो तो बऱ्याचदा खाऱ्या, दमट हवेने कॉइल आणि पत्रा गंजल्यामुळे किंवा पावसाळ्यात विजेचा दाब कमीजास्त झाल्यामुळे, आणि नेमकी हीच कारणे अनेक करारांत वगळलेली असतात. तसे असेल, तर ही वॉरंटी आपल्या उपयोगाची नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कॉम्प्रेसरवर अनेक कंपन्या मुळातच दीर्घ मुदतीची हमी देतात. मात्र गॅस भरणे आणि मजुरी तिच्यात बहुधा येत नाही. तंत्रज्ञ कुडाळहून किंवा सावंतवाडीहून येणार असेल, तर त्याचा प्रवासखर्च कोणी द्यायचा, हेही लेखी घ्यावे. त्यापेक्षा या रकमेतून चांगला स्टॅबिलायझर घेऊन उरलेले पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. तरीही करार केलात आणि पुढे सेवा नाकारली गेली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते; त्यासाठी पावती आणि करार जपून ठेवावेत.