"सुप्रीम कोर्टात जाऊ" म्हणण्याआधी

अरे, काल मोहोळच्या त्या पक्षकाराला तू बिनधास्त सांगून टाकलंस, "हरलो तर सुप्रीम कोर्टात अपील करू." बांधाच्या दाव्यात! तो बिचारा कापडी पिशवीतून सातबारे काढून टेबलावर मांडत बसला होता.

आधी जिल्हा कोर्टातल्या पहिल्या अपिलानंतरचं दुसरं अपील हायकोर्टात. ऑगस्ट 2025 पासून सोलापूरकरांसाठी ते हायकोर्टाच्या कोल्हापूरला बसणाऱ्या सर्किट बेंचला, मुंबईची फेरी वाचली. ते ऐकतात एकच न्यायमूर्ती, आणि घटनेच्या कलम 133(3) प्रमाणे एकल न्यायमूर्तींच्या निकालावर सुप्रीम कोर्टात सरळ अपील नाही. म्हणजे हायकोर्टाचा दाखला घेऊन अपील करण्याचा रस्ताच बंद.

उरतं कलम 136. ते अपील नव्हे, अपिलाची परवानगी मागणं. द्यायची की नाही, कोर्टाची मर्जी. साक्षीपुरावा पुन्हा तपासून घेऊ, या आशेवर तर जाऊच नकोस. मुदत 90 दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी टाक. मी एकदा आठवडाभर आळस केला होता; उशीरमाफीचा अर्ज लिहिताना घाम फुटला. शिवाय तिथे दाखल करायला ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डच, म्हणजे सुप्रीम कोर्टात तशी नोंदणी असलेला वकीलच लागतो, आपलं वकीलपत्र चालत नाही.

फौजदारीचं वेगळं. सुटलेल्या आरोपीला हायकोर्टाने अपिलात फाशी दिली तर कलम 134 खाली हक्काने अपील. 1970 च्या कायद्याने जन्मठेप आणि 10 वर्षं किंवा जास्त शिक्षाही त्यात आली.

उद्या त्या पक्षकाराला फोन कर आणि खर्चासकट सगळं सांग.