तीन दिवसांपासून लघवीला जळजळ होतेय. घरीच थांबू की डॉक्टरकडे जाऊ?

ताई, तुमचं वय ३४. तीन दिवसांपासून लघवीला जळजळ होतेय, सारखी लागते आणि गेलं की चार थेंब होतात, ताप मात्र नाही. आई म्हणतात उन्हाळी लागली, म्हणून दोन दिवस धणे-जिऱ्याचं पाणी घेताय. घरात मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या चार गोळ्या उरल्यात, त्या घेऊ का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लघवीचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. म्हणून आधी गोळ्यांचंच सांगते: त्या अजिबात घेऊ नका.

उरलेल्या चार गोळ्यांनी जंतू पुरते मरत नाहीत. जळजळ दोन दिवस कमी होते, आठवड्याभरात परत उसळते. कधी गोळ्या चालू असतानाच पेशंट कल्चरसाठी, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून ओळखायच्या तपासणीसाठी, नमुना घेऊन येते. सूक्ष्मदर्शकाखाली पस सेल्स, म्हणजे पुवाच्या पेशी, ढिगाने दिसतात, पण प्लेटवर काहीच उगवत नाही, कारण गोळीचा अंश अजून लघवीत असतो. रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’, म्हणजे काही उगवलं नाही, असं लिहावं लागतं आणि डॉक्टरांना अंदाजाने औषध द्यावं लागतं. हे होताना पाहिलं की मला फार वाईट वाटतं, कारण पहिल्या गोळीच्या आधी बाटली आणून दिली असती तर नेमकं औषध कळलं असतं. शिवाय लघवीच्या इन्फेक्शनमागे बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातला जंतू असतो, आणि आपल्याकडे सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिनसारख्या जुन्या ओळखीच्या गोळ्यांना तो बऱ्याचदा दाद देत नाही. मागच्या वेळी लागू पडलेली गोळी याही वेळी पडेल याचा भरवसा नाही.

आई सांगतात तेही खोटं नाही. उन्हात पाणी कमी पडलं की लघवी दाट, गडद पिवळी होते आणि जळजळते. तेव्हा धणे-जिरे, सब्जा, बार्लीचं पाणी, काहीही घ्या. पोटात पाणी गेलं की एका दिवसात बरं वाटतं. पण तुम्ही दोन दिवस पाणी पिऊनही जळजळ तशीच आहे, वर सारखी लागतेय. हे उन्हाचं वाटत नाही, इन्फेक्शनचं वाटतं. उद्या सकाळी डॉक्टरकडे जा. पाळी चुकली असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. गरोदरपणात लघवीचं इन्फेक्शन किडनीपर्यंत लवकर चढतं आणि गोळ्याही वेगळ्या निवडाव्या लागतात. पांढरा स्राव, खाज, दुर्गंधी किंवा फोड असतील तर तेही संकोच न करता सांगा. अशी जळजळ बुरशीमुळे किंवा लैंगिक संबंधातून आलेल्या संसर्गामुळेही होते. तो संबंधातून आलेला असेल तर पतीलाही उपचार लागतात, नाहीतर पुन्हा पुन्हा होत राहतं.

मेडिकलमध्ये जळजळीवर एक सिरप सहज मिळतं, लघवीचं आम्ल कमी करणारं. त्याने आराम पडतो, जंतू मात्र मरत नाहीत. आणि डॉक्टरांनी नायट्रोफ्युरँटॉइन ही लघवीच्या इन्फेक्शनवरची गोळी लिहून दिली तर असं सिरप सोबत घेऊ का हे त्यांनाच विचारा, कारण आम्ल कमी झालं की त्या गोळीचा जोर कमी होतो.

आता सकाळपर्यंत थांबायचं नाही असं केव्हा? थंडी वाजून ताप आला, पाठीत बरगड्यांच्या खाली एका बाजूला दुखायला लागलं, उलट्या होऊन गोळी-पाणी ठरेना, लघवीत रक्त दिसलं किंवा लघवी अडलीच, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. इन्फेक्शन किडनीत गेल्याची ही चिन्हं असू शकतात. मुतखडा असलेल्याला जळजळीसोबत ताप आला तर तो खराच धोका आहे. खड्याने वाट अडवली आणि मागे जंतू वाढले की रक्तात पसरायला वेळ लागत नाही.

घरातल्या बाकीच्यांसाठीही लक्षात ठेवा. पुरुषांना, लहान मुलांना आणि मधुमेह असलेल्यांना जळजळ झाली तर घरगुती उपायांवर दिवस काढू नयेत. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरचा, म्हणून जंतू सहज वर जातात. पुरुषाचा त्याच्या चार-पाच पट लांब असतो, तरीही इन्फेक्शन झालं तर प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) किंवा दुसरं कारण शोधावं लागतं. तान्ह्या बाळाला नुसताच ताप येतो, आणि म्हाताऱ्या माणसांत कधी कधी जळजळ नसते, माणूस एकाएकी बरळायला लागतो.

नमुना देताना मात्र काळजी घ्या, कारण खराब नमुन्याचा रिपोर्टही फसवा येतो. लॅबमधून निर्जंतुक बाटली घ्या, झाकण आतून बोटाने शिवू नका. जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवा. सुरुवातीची धार सोडून द्या, मधली बाटलीत घ्या. दोन तासांच्या आत पोचवा. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बाटलीतच जंतू वाढतात. रुटीन रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, कल्चरला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तोवर थांबायचं नसतं. नमुना दिला की डॉक्टर गोळी सुरू करतात आणि कल्चर आल्यावर गरज असेल तर बदलतात. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी सांगितलेला कोर्स पूर्ण करा.

तुम्ही लिहिलंय की ऑफिसचं टॉयलेट घाण असतं म्हणून दिवसभर पाणी पीत नाही. हे मी लॅबमध्ये खूप बायकांकडून ऐकते, शेतात राबणाऱ्यांकडून, एसटीने रोज ये-जा करणाऱ्यांकडूनही. पाणी तोडू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायल्यावर त्यांचं इन्फेक्शन निम्म्यावर आलं. टॉयलेट स्वच्छ हवं ही मागणी ऑफिसात लेखी द्या, चार जणींनी मिळून द्या. लाजायचं काही कारण नाही.

उद्या आधी डॉक्टर, मग बाटली, आणि त्यानंतरच पहिली गोळी.