सिक्युरिटी कोड बदलला, आता काय करू?

प्रश्न: मावसबहिणीच्या व्हॉट्सॲप चॅटमध्ये मधेच एक ओळ आली की हिच्यासोबतचा तुमचा सिक्युरिटी कोड बदललाय. मुलगा म्हणतो तिचा फोन हॅक झालाय, ब्लॉक कर. आमची भिशी तिच्याकडे आहे हो, दर महिन्याला दोन हजार तिलाच पाठवते. तिला फोन केला तर म्हणते, मला एसएमएसवर सहा आकडे आलेत, तेच का, वाचून दाखवू?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, आधी तिला सांगा, ते सहा आकडे कुणालाच वाचून दाखवायचे नाहीत, तुम्हालासुद्धा नाही. तो ओटीपी, त्याच्यावर दुसऱ्याच्या फोनमध्ये तिचं व्हॉट्सॲप चालू होतं. सिक्युरिटी कोड वेगळा, तो ६० आकडी असतो आणि तो कळला म्हणून कुणी काही करू शकत नाही. गंमत अशी की लोक हा लपवतात आणि ओटीपी बिनधास्त सांगतात!

कोड बदलतो तो बहुतेक वेळा साध्या कारणाने, म्हणजे तिने नवा फोन घेतला नाहीतर ॲप काढून परत टाकलं. मेसेज कुलूपबंद करायला प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपची एक डिजिटल चावी असते; कोडचे ३० आकडे तिच्या चावीवरून बनतात, ३० तुमच्या, त्यामुळे तिची चावी बदलली की कोड बदलणारच. पण कुणी तिचा नंबर आपल्या फोनवर चालू केला तरी हीच ओळ येते, त्यामुळे त्यानंतर लगेच "नवीन खात्यावर पाठव" असा मेसेज आला तर साधा फोन लावा, आवाज ऐका, मगच पैसे. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तपासायचं असेल तर तिच्या चॅटमध्ये वर नावावर टॅप करा, खाली एन्क्रिप्शन दिसेल, तिथे क्यूआर आणि पाच-पाच आकड्यांचे १२ गट असतात. भेटलात तर स्कॅन करा, नाहीतर फोनवर वाचून जुळवा. त्याच चॅटमध्ये टाइप करून पाठवू नका, पलीकडे चोर असेल तर तोही "हो जुळलं" म्हणेल ना.

आणि एकेक आकडा वाचा. मी भावासोबत जोड्यांनी वाचत होते, त्याने एकोणऐंशीचं एकोणनव्वद ऐकलं आणि आम्ही दहा मिनिटं त्याचा फोन हॅक झाला म्हणून घाबरून बसलो होतो.