लढत बघताना घंटा वाजली की पुढे पळवू नकोस

भाऊ, तू लिहिलंयस की बॉक्सिंग सुरू करून सहा महिने झाले, घरात आजोबांपासून सगळे कुस्तीवाले, तर आधी कोणत्या लढती पाहू? खाली एक ओळ जोडलीस: मुहम्मद अली-जो फ्रेझरची मनिलाची लढत पाहिली, पण शेवट पटला नाही. एकच फेरी उरलेली असताना फ्रेझरच्या कोचने हार का मानली, आपल्याकडचा पहिलवान असा फड सोडत नाही. लढतींची नावं देतोच, पण आधी त्या ओळीचं बोलू. माझी सगळ्यांत आवडती लढत तीच आहे, आणि ती नेमकी त्या शेवटामुळे आवडते.

१ ऑक्टोबर १९७५. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या सोयीसाठी लढत मनिलात सकाळी पावणेअकराच्या सुमारास लावली होती. बंद स्टेडियम, खच्चून भरलेली गर्दी, वरून टीव्हीच्या दिव्यांचा जाळ. आपण भुसावळ-जळगावची माणसं, मे महिन्यात दुपारी बारा वाजता पत्र्याखाली उभं राहणं म्हणजे काय हे आपल्याला सांगावं लागत नाही. तिथे हे दोघं चौदा फेऱ्या एकमेकांना फोडत होते. पहिल्या काही फेऱ्या अलीच्या, मधल्या फ्रेझरच्या. त्याचे ते डावे हुक, म्हणजे बाजूने वळवून मारलेले ठोसे, बरगड्यांवर बसताना अलीचं अंग कसं वाकतं ते बघ. बाराव्या फेरीपासून पारडं पुन्हा फिरलं. तेराव्यात फ्रेझरच्या तोंडातला माउथपीस, म्हणजे दात वाचवणारं कव्हर, उडून प्रेक्षकांत पडला. त्याचा उजवा डोळा सुजून बंद होत आला होता, आणि डाव्या डोळ्याने त्याला मुळातच नीट दिसत नव्हतं, हे त्याने पुढे स्वतः सांगितलं. म्हणजे चौदाव्या फेरीत अलीचा उजवा हात येताना त्याला दिसतच नव्हता. तो तरी पुढेच चालत होता.

फेरी संपली. स्टुलावर बसलेल्या फ्रेझरला त्याचा कोच एडी फचने सांगितलं, आता बस. फ्रेझर उठायला बघत होता, फचने बसवून ठेवलं. या फचने रिंगमध्ये मार खाऊन पुढे जीव गेलेले बॉक्सर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. तुला ती हार वाटली. मला वाटतं त्या दिवशीचा सर्वांत अवघड निर्णय त्या स्टेडियममध्ये त्या एका म्हाताऱ्याने घेतला.

हे मोठेपणाचे शब्द नाहीत. सातच वर्षांनी, नोव्हेंबर १९८२ मध्ये, रे मॅन्सिनीविरुद्ध कोरियाचा किम डुक-कू असाच चौदाव्या फेरीपर्यंत गेला. त्या फेरीत खाल्लेल्या मारानंतर तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही, चार दिवसांनी गेला. जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आल्या त्या त्यानंतर. तू आज बारा फेऱ्या बघतोस, त्यामागे ते पोरगं आहे.

आणि कुस्तीचं म्हणशील तर आजोबांनाच विचार. यात्रेतल्या दंगलीत पोराचा खांदा निखळताना दिसला की फडात उतरून जोड सोडवणारे वस्ताद त्यांनी नक्की पाहिले असतील. त्यांना कोणी भित्रं म्हटलं नाही.

मी हे इतकं लांबण लावून सांगतोय त्याला कारण आहे. बरीच वर्षं जिल्हा पातळीच्या स्पर्धांत मी मुलांच्या कॉर्नरला, म्हणजे फेऱ्यांच्या मध्ये ते बसतात त्या रिंगच्या कोपऱ्याला, उभा राहतो. बादली, बाटली, स्टूल, खांद्यावर टॉवेल. तो टॉवेल रिंगमध्ये फेकला की आपल्या बाजूने लढत थांबवली असं होतं. एकदा पारोळ्याकडचा एक मुलगा माझ्याकडे होता. दिवस ऑक्टोबरचे, हॉलमध्ये पंखा नाही. दुसऱ्या फेरीत मार बसल्यावर रेफ्रीने लढत थांबवून त्याच्यावर आठपर्यंत आकडे मोजले. स्टुलावर बसवून मी तोंडावर पाणी मारलं आणि विचारलं, बंद करू का? तो म्हणाला, "नही सर, मी लढस. माले काईच नही व्हयनं." बोलताना तो माझ्या तोंडाकडे बघत नव्हता, माझ्या कानामागे कुठेतरी बघत होता. मला ते दिसलं, तरी मी त्याला उठवलं. टॉवेल खांद्यावरच राहिला. तिसऱ्या फेरीत त्याने आणखी मार खाल्ला, तरी शेवटपर्यंत उभा राहिला. गुणांवर हरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी स्टँडवर तो मला म्हणाला, "सर, बस कितीले शे?" मी वेळ सांगितली. पाच मिनिटांनी तेच विचारलं. पुन्हा पाच मिनिटांनी तेच. बस सोडली आणि रिक्षा करून त्याला दवाखान्यात नेलं. दोन दिवस डॉक्टरांच्या नजरेखाली राहिला, सुदैवाने सावरला. ती चूक माझी होती, पोराची नाही. तेव्हापासून कॉर्नरला टॉवेल मी खांद्यावर ठेवत नाही, हातात धरतो.

म्हणून माझं तुला सांगणं आहे: लढत बघताना घंटा वाजली की ते मधलं मिनिट पुढे पळवू नकोस. तिथेही लढत चालूच असते.

त्या मिनिटासाठी अलीचा कोच अँजेलो डंडीचं काम बघ. फेब्रुवारी १९६४, मायामी बीच, समोर सनी लिस्टन. चौथ्या फेरीनंतर क्लेचे, म्हणजे पुढच्या अलीचे, डोळे जळायला लागले, काही दिसेना, तो हातमोजे कापा म्हणून ओरडत होता. डंडीने स्पंजने डोळे धुतले आणि त्याला अक्षरशः ढकलून रिंगमध्ये पाठवलं, नुसता पळत राहा म्हणाला. डोळे निवळले, आणि सहाव्या फेरीनंतर लिस्टनच स्टुलावरून उठला नाही. आता हाच डंडी १९८० मध्ये बघ. लॅरी होम्ससमोर अडतीस वर्षांचा अली दहा फेऱ्या नुसता मार खातोय, आणि तोच माणूस लढत थांबवतो. एकदा ढकललं, एकदा अडवलं. कधी काय करायचं हे कोणत्या पुस्तकात मिळणार? ती दुसरी लढत मात्र पूर्ण बघू नकोस, मलाही ती बघवत नाही.

तिसरीही डंडीचीच, या वेळी तो लेनर्डच्या कॉर्नरला: शुगर रे लेनर्ड विरुद्ध टॉमी हर्न्स, १६ सप्टेंबर १९८१. हर्न्स सहा फुटांहून उंच, हात काठीसारखे लांब, उजवा बसला की माणूस झोपलाच. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तो तिन्ही जजांच्या कागदावर पुढे होता आणि लेनर्डचा डावा डोळा सुजलेला. डंडी त्याला म्हणाला, पोरा, तू हातातली लढत घालवतोयस! इतकंच. धीर नाही, डावपेच नाही. तेराव्यात लेनर्डने हर्न्सला दोरांतून बाहेर लोटलं, चौदाव्यात रेफ्रीने लढत थांबवली. शब्द मोजून कसा खर्च करावा ते यातून मी शिकलो. दमलेल्या मुलाला साठ सेकंदांत एकच गोष्ट ऐकू जाते. आपण चार सांगितल्या तर एकही जात नाही.

चुकीचा सल्ला काय करतो तेही बघून ठेव. १७ मार्च १९९०, मेल्ड्रिक टेलर विरुद्ध हुलिओ सेझर चावेझ, दोघंही तोवर अपराजित. टेलरचे हात इतके चपळ की चावेझ अकरा फेऱ्या त्याच्या मागे पळत होता. पण चावेझचा एकेक ठोसा जड होता, टेलरच्या चेहऱ्याचं हाड मोडलं होतं, तो स्वतःचंच रक्त गिळत होता. दोन जजांकडे तो खूप पुढे. शेवटच्या फेरीत लांब राहून पळत राहिला असता तरी जिंकला असता. पण कॉर्नरने त्याला सांगितलं की ही फेरी हवीच. तो भिडायला गेला, शेवटच्या काही सेकंदांत पडला, उठला. रेफ्री रिचर्ड स्टीलने दोनदा विचारलं, ठीक आहेस का? टेलरची नजर कॉर्नरकडे, तिथे त्याचा माणूस रिंगच्या कडेवर चढून बसला होता. उत्तर आलं नाही. स्टीलने लढत थांबवली तेव्हा घड्याळात दोन सेकंद उरले होते. त्या दोन सेकंदांवर लोक आजही भांडतात. मी स्टीलच्या बाजूचा आहे. रेफ्रीने घड्याळ बघायचं नसतं, डोळे बघायचे असतात. टेलर पुढे पूर्वीसारखा कधी लढला नाही.

हाच स्टील हॅग्लर-हर्न्सलाही होता, एप्रिल १९८५. हॅग्लरच्या कपाळातून रक्त वाहत होतं, स्टीलने त्याला डॉक्टरांना दाखवलं आणि पुढे लढू दिलं. तीन फेऱ्या, जेमतेम आठ मिनिटं. तिच्याबद्दल मी काही लिहीत नाही, जेवण झाल्यावर बघू नकोस एवढंच.

मग कोरालेस-कास्तिलो, ७ मे २००५, दहावी फेरी. कोरालेस दोनदा पडतो, दोन्ही वेळा माउथपीस बाहेर, एक गुण जातो. माउथपीस धुऊन घालताना कोच जो गूसन त्याला सांगतो, आत घुस. आणि त्याच फेरीत कोरालेस कास्तिलोला दोरांवर संपवतो. बरोबर दोन वर्षांनी, ७ मे २००७ ला, कोरालेस मोटारसायकलच्या अपघातात गेला.

आपल्यातल्या विचारशील तर मेरी कोमला सगळे सांगतील, आणि बरोबरच सांगतील. पण मी बीजिंग २००८ चा अखिल कुमार सांगेन. समोर तेव्हाचा जगज्जेता रशियाचा वोदोप्यानोव्ह, नऊ-नऊ अशी बरोबरी आणि काउंटबॅकवर, म्हणजे सगळ्या जजांनी दिलेले गुण मोजून, अखिल विजयी. हात खाली सोडून लढायचा. त्याची नक्कल मात्र करू नकोस, तुझ्या सहा महिन्यांत तर मुळीच नको. घरात बहीण असेल तर तिला केटी टेलर-अमांडा सेरानोची २०२२ ची लढत दाखव. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बायकांची लढत पहिल्यांदाच मुख्य म्हणून झाली ती ही. पाचव्या फेरीत टेलर कशी तगून राहते ते बघ.

सुरुवात लेनर्ड-हर्न्सपासून कर. बाराव्या फेरीनंतरचं मिनिट तीनदा बघ, आवाज सुरू ठेवून. इंग्रजी कळलं नाही तरी चालेल. डंडी बोलत असताना लेनर्ड कुठे बघतोय ते नीट पाहा आणि मला इथे लिही. मग मनिलाचा शेवट पुन्हा लाव, या वेळी आजोबांना शेजारी बसवून.